यादवच्या डब्यातली राख

संतापाच्या भूमिका मी पुष्कळ केल्या. पदर खोचून, डोळे वटारून टाळ्या घेतल्या. पण खरा संताप मला दाखवला तो द्रौपदी साळवेनं, आणि तिच्यापुढं माझे सगळे प्रवेश फिके पडले.

द्रौपदी निजामपुऱ्यातल्या यंत्रमाग कारखान्यात लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. नवरा यादव तिथंच लूमवर होता. शिफ्ट सुटली की तो आमच्या हौशी नाटकमंडळीत यायचा आणि आमचे चेहरे रंगवायचा. काय हात होता त्याचा! गालावर बोट फिरलं की पोटातली भीती निघून जायची. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांना टेम्पोत घालून अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर न्यायचा, खोबरेल लावून त्या पाण्यानं आमचा उरलासुरला रंग उतरवायचा. "कानामागं राहिलंय," असं म्हणत कान पिळायचा. राजा असो की दासी, यादवपुढं सगळे उघडे.

फुलांचे हार मात्र आम्हाला. पडद्याआधी निवेदक सगळ्यांची नावं घ्यायचा, यादवचं कधीच नाही. मला याची चीड येते. द्रौपदीला तर ती रोजच यायची.

यंदा यादव गेला. त्याच्या अस्थी मुलानं, राकेशनं, गावच्या जमिनीत पुरल्या आणि वर आंब्याचं रोप लावलं. चाळलेली राख द्रौपदीनं मागून घेतली.

"ही अकलोलीला सोडायची," ती मला म्हणाली. "प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी. मंडळी सोबत पायजे, बाई."

म्हणून शाळेच्या मंडपात रविवारी दुपारी प्रयोग होता, तेव्हा तिनं राखेचा डबा यादवच्या रंगपेटीत ठेवला, पेटी रंगपटात आणून ठेवली आणि प्रेक्षकांत माझ्या शेजारी येऊन बसली; मी हल्ली काम करत नाही. एक शेवटचा प्रयोग त्यानं मंडळींबरोबर काढावा, एवढीच तिची इच्छा.

प्रयोगात आमच्यातले जुने नट हरीभाऊ गोसाव्याच्या भूमिकेत होते. अंगभर राख फासून आले आणि टाळी पडली. पडदा पडल्यावर आम्ही दोघी आत गेलो. पेटी उघडी होती. डबा रिकामा होता.

"हरीभाऊ, ह्या डब्यातली राख?"

"घेतली की! वहिनी, काय राख आणलीत! कुठल्या गोवऱ्यांची?"

यादव दर प्रयोगाला गोवऱ्यांची राख वस्त्रगाळ करून पेटीच्या उजव्या कोपऱ्यात ठेवायचा. हरीभाऊंनी सवयीनं हात घातला होता. ना पाहणं, ना विचारणं.

 द्रौपदीनं डबा त्यांच्या पायाशी आपटला.

"गोवऱ्यांची न्हाय ती! माझ्या नवऱ्याची हाय!"

 हरीभाऊंचा हात पुसायला छातीकडं गेला.

"हात लावू नको!" ती किंचाळली. तिच्या तोंडचं 'हरीभाऊ' गेलं, अहो-जाहो गेलं. "जिता होता तवा पडद्यामागं ठेवलात. मेल्यावर अंगाला फासलात? कुणी विचारलं, डबा कोणाचा? कधी विचारलंत?"

"वहिनी, चूक झाली. आत्ता आंघोळ करतो, नळावर..."

"नळावर? गटारात घालतोस त्याला? टेम्पो बोलाव! सकाळची वाट न्हाय बघायची."

हरीभाऊ तसेच, राख फासलेले, लंगोटीवर टेम्पोत चढले. वारा लागू नये म्हणून त्यांच्याभोवती आम्ही नाटकातलाच पडदा गुंडाळला. वाटेत एका तरुण नटानं समजूत घातली, "मावशी, काका शेवटी स्टेजवर आले, असं समजा ना."

"तू गप! आला न्हाय तो. त्याला आणला, न विचारता."

मला ते पटलं. अशा गोड समजुतींनीच आम्ही तिला आयुष्यभर गप्प बसवलं होतं.

अकलोलीला तानसा नदीच्या काठी उतरलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. कुंडातलं गरम पाणी बादल्यांनी काठावर आणलं. द्रौपदीनं हरीभाऊंना नदीत गुडघाभर पाण्यात उभं केलं, यादवची खोबरेलची बाटली काढली आणि घासायला लागली. खांदे, पाठ, छाती. जीव खाऊन. हरीभाऊ रडत होते; ती रडली नाही. करडं पाणी त्यांच्या पायांवरून नदीत उतरत होतं. आम्ही सगळे काठावर उभे, पडदा हातात धरून.

तिनं त्यांचा कान पिळला. "कानामागं राहिलंय." तिथली राखही तिनं बोटानं काढली आणि बोट नदीत बुडवून धरलं, बराच वेळ.

"आता नाव घे," ती म्हणाली.

"कुणाचं, वहिनी?"

"निवेदक कसा घेतो, तसं."

हरीभाऊंनी हात जोडले. "रंगभूषा, यादव साळवे."

"मागच्या रांगेला ऐकू आलं न्हाय."

त्यांनी पुन्हा घेतलं. ती वळलीसुद्धा नाही.

तेव्हा मीही पाण्यात उतरले. माझा आवाज आता पूर्वीचा राहिला नाही, तरी होता तेवढा लावून त्याचं नाव घेतलं. मागोमाग काठावरची सगळी मंडळी ओरडली. पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या.

द्रौपदीनं रिकामा डबा धुतला, झाकण लावलं आणि हरीभाऊंच्या ओल्या हातात दिला.

"दर प्रयोगाला त्याचं नाव असंच घ्यायचं," ती म्हणाली. "मी पहिल्या रांगेत बसणार हाय."