आमची उसवणी

घरात नवा कपडा आला की बाकीच्या पोरी तो अंगाला लावून आरशात बघायच्या. आमची मंदा आधी तो उलटा करायची आणि कात्री शोधायची. बाही खांद्याला कशी बसवली हे उसवून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. म्हणून सगळी टेंभुर्णी तिला उसवणी म्हणायची. ती माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि चौथ्याच दिवशी तिनं माझ्या लग्नातल्या ब्लाऊजची उजवी बाही काढून ठेवली. मी एकोणीस वर्षांची, म्हणजे अक्कल साधारण तिच्याएवढीच. मी भोकाड पसरलं. ती शांतपणे म्हणाली, "रडू नका वहिनी. आतून पाह्यचं व्हतं फक्त. लावून देते." आणि दिली की लावून. टाके वेडेवाकडे, पण बाही मूळच्यापेक्षा बरी बसली. मी मात्र आठवडाभर बाही बिघडवल्याचं गावभर सांगत फिरले.

पुढे तिला कागदाचं वेड लागलं. आमचे हे शाळेतून येऊन पेपर उघडायचे, तर मधोमध गळ्याचा आकार कापून नेलेला. त्या भोकातून माझ्याकडे बघत ते विचारायचे, "आज बातम्या गोल गळ्यातून वाचायच्या का चौकोनी?"

शेजारच्या गयाकाकूंचा डावा खांदा लहानपणी निखळला तो तसाच खाली राहिला होता. ब्लाऊज कायम घसरायचा, म्हणून काकू बारा महिने पदर घट्ट लपेटून असायच्या. उसवणीनं त्यांना समोर उभं केलं, दोन्ही खांद्यांची वेगवेगळी मापं घेतली, डाव्या बाजूला आतून पातळ गादी घातली. ब्लाऊज घालून काकू आरशासमोर उभ्या राहिल्या त्या हलेचनात. "शिंपी दोन्हीकडं एकच माप लिहितेत, वहिनी," उसवणी मला म्हणाली, "माणसाकडं पाहतच न्हाईत." मी म्हटलं, एवढी हुशार आहेस तर भाकऱ्या एकसारख्या गोल करून दाखव. तेव्हा मला हा विनोद फार मोठा वाटला होता.

असंच पेपर कापता कापता तिला एक जाहिरात सापडली. पुण्याला एका कॉलेजात फॅशन डिझाइन शिकवत होते. मुलाखतीला कापडावर केलेले स्वतःचे बारा नमुने न्यायचे होते. सासरे म्हणाले, कपडे शिवायला पुण्याला कशाला जायचं, टेंभुर्णीत काय शिंपी मेलेत? ती तीन दिवस जेवली नाही. मग त्यांनी अट घातली. "एकडाव जाऊन ये. घेतलं तर शिक. न्हाई घेतलं तर परतूरच्या स्थळाला हो म्हणायचं. मंग पुन्हा पुण्याचं नाव न्हाई." ती लगेच कबूल झाली.

माझ्या पेटीतून तिनं बारा साधे खण मागून घेतले. ओटीत आलेले, कुणी न शिवलेले, या लग्नातून त्या लग्नात फिरणारे खण. त्यांवर ती आठ महिने राबली. ज्वारीची कणसं, उकललेली कपाशीची बोंडं, उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन, सगळं गोधडीच्या टाक्यांत. मी शेजारी तुरी निवडत बसायची. माझं तोंड चालायचं, तिचे हात. आठ महिन्यांत मी मान वळवून त्या कापडांकडे एकदा नीट पाहिलं नाही.

मुलाखतीला आठ दिवस असताना माझ्या दिराचं लग्न झालं. नवरी तीर्थपुरीची. मी थोरली सून, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चालले की देवीची स्वारी निघाल्यासारखा आवाज. व्याह्यांकडच्या अकरा बायका निघायला उभ्या, बाहेर टेम्पो हॉर्न वाजवून राहिलेला, आणि ओटीचे खण संपले. मी कपाट उघडलं तर घड्या घातलेले खण समोर. मला वाटलं, देवच पावला. पटापट ओट्या भरल्या. बायका म्हणाल्या, किती हौसेचे खण हो तुमच्याकडचे. मी मान तिरकी करून ते कौतुकही घेतलं. उसवणी तेव्हा मागच्या अंगणात पंगतीला वाढत होती.

संध्याकाळी तिनं कपाट उघडलं. आत एक खण उरला होता. ती ओरडली नाही. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "वहिनी, उद्या तीर्थपुरीला जाऊन मागून आणा ना. आठ दिवस हायेत आणखी."

मी म्हटलं, ओटीत घातलेलं कुणी परत मागतं का? नव्या व्याह्यांच्या दारात मी पदर पसरू? मग मीच जाते, म्हणाली. तर मी सासूबाईंना मध्ये घातलं आणि तिलाही जाऊ दिलं नाही. चुकून दिले ते एक वेळ सोडा. पण हे मी चुकून केलं नाही. त्या बायकांनी केलेलं कौतुक मला परत द्यायचं नव्हतं.

एक खण आणि कागदांची गुंडाळी घेऊन ती भावाबरोबर पुण्याला गेली. तिथल्या बाई म्हणाल्या, हात चांगला आहे, पुढच्या वर्षी बारा घेऊन ये. सासऱ्यांनी अटीवर बोट ठेवलं. वैशाखात ती परतूरला नांदायला गेली.

नवरा भला मिळाला. घरातच मशीन टाकून ती साऱ्या भावकीचं शिवायची. लेकी, सुना, जावा, बाळंतिणी, प्रत्येकीचं माप तिला तोंडपाठ. फक्त माझ्यासाठी तिनं कधी टाका घातला नाही. बोलणं गोड, जेवू घालणं गोड, पण मी एकदा कापड काढलं तर म्हणाली, "तुमचा शिंपी बराबर हाय, वहिनी." चोवीस वर्षं मीही पुन्हा विचारलं नाही.

मागच्या वर्षी ती आजारी पडली. आता उठायची नाही असं कळल्यावर मी हिरवं कापड घेऊन परतूरला गेले. तिच्या उशाशी बसले आणि म्हटलं, मंदे, मला एक ब्लाऊज शिवून दे. आणि हेही म्हटलं, तेव्हा मी तीर्थपुरीला जायला हवं होतं. तिनं कापड उलटं करून बोटांत चोळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मागायला एवढी वर्षं लागली व्हय, वहिनी?" म्हणाली आणि हसली. "ठेवा. जरा बरं वाटलं की मापाला बोलावते."

तिच्या तेराव्याला तिच्या लेकीनं ते कापड घडी न मोडता माझ्या हातात दिलं. आत बायका बसल्या होत्या. एकेक जण आपल्या अंगावरचा ब्लाऊज दाखवत होती. हा मंदाचा, हा पण मंदाचा, बघा गळा कसा बसलाय. कुणी रडत होतं, कुणी बाही उलटून आतली शिवण दाखवत होतं. फिरत फिरत गोष्ट माझ्यापर्यंत आली. माझ्या दिराच्या नव्या सुनेनं विचारलं, "आणि तुमचा कोणता हो, मोठ्या आई?"

माझा घरी जपून ठेवलाय, म्हटलं.