रिस्पाची बाजू

लातूर जिल्हा झाला त्याच्या तिसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला आणि उदगीरच्या आमच्या चर्चची विहीर आटली. पंचांच्या मते मंडळीतल्या कुणाचं तरी पाप नडत होतं. शोधता शोधता त्यांना सापडला माझ्या तारामतीमावशीचा नवरा, व्यंकटीकाका. मरून सहा वर्षं झालेला. बहात्तरच्या दुष्काळात त्यानं मरीआईला कोंबडं कापलं होतं.

मावशी तीस वर्षं घरोघर फिरून बायांना पवित्र शास्त्र वाचून दाखवायची. तिच्या लेकीचं, मार्थाचं, लग्न ठरलेलं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत नवरा-नवरीची नावं पुकारतात. दोनदा पुकारून झाली. तिसऱ्या रविवारी पंचांतले याकोब मास्तर उठले.

"थांबा. आधी या घरानं समद्यांसमोर माफी मागावी."

"कशाची?" मावशी बसूनच.

"नवऱ्याच्या पापाची. दुसऱ्या शमुवेलात काय हाय? गिबोनी लोक मारले शौल राजानं, दुष्काळ पडला त्याच्यामागून आलेल्या दावीदाच्या राज्यात. मग शौलाची सात पोरं-नातवंडं फासावर दिली. देव विसरत न्हाई, बाई."

"त्या सातांनी काय केलतं, मास्तर?"

"शौलाचं रगत होतं ते."

"आन् देवानं देशाचं गाऱ्हाणं ऐकलं कवा? पुढं वाचा की. त्यातल्या दोघांची आई, रिस्पा, खडकावर गोणपाट टाकून बसली. दिवसा मढ्यांवरची पाखरं हाकली, रातीला जनावरं. ते ऐकून दावीदानं हाडं गोळा केली, माती दिली. त्याच्यानंतर ऐकलं देवानं. फाशी दिली म्हणून न्हाई."

उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी शास्त्राचं पान उलटलं, बोट फिरवलं. "बाई बरोबर बोलतेत," ते हळूच म्हणाले.

"आन् त्या कोंबड्याचा रस्सा मास्तरांनीबी वरपला होता!" बायकांतून कमलम्मा ओरडली. सगळं चर्च हसलं.

मास्तर हसले नाहीत. "शास्त्र येतं तुला, कबूल. पर माफीबिगर नावं पुकारायची न्हाईत."

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. पंचांपुढं त्यांचं चालत नव्हतं.

पुढच्या बाकावरून मार्थाचा होणारा सासरा वळला. "विहीणबाई, दोन शब्दांचं काम हाय. न्हाईतर आम्ही आपली चाकूरची एसटी धरतो."

मावशीनं मार्थाकडं पाहिलं. ती खाली मान घालून रुमाल पिळत होती. मावशी उठली.

"माझ्या मालकानं पाप केलं. पाऊस त्यांच्यामुळं अडला. माफी करा."

"आमेन!" मास्तर म्हणाले. केवढ्यानं!

नावं पुकारली. लग्न टँकरच्या पाण्यावर झालं. पाऊस काही आला नाही. पंच दुसरं घर हुडकायला लागले.

सासरी निघताना मार्था म्हणाली, "आये, चल, बाच्या कबरीवर जाऊन येऊ."

मावशी तिच्या पदराची पिन नीट करत राहिली. "तू जा. मी कंच्या तोंडानं येऊ?"