टीमच्या वडिलांचं नाव

दोह्यात सकाळी बाल्कनी कितीही झाडा, संध्याकाळी वाळू पुन्हा तेवढीच. आमच्या पीटरच्या किश्श्यांचंही तसंच आहे.

पीटर म्हणजे आमचा इंग्रज बॉस. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या गटारांची डिझाइन्स करतो आम्ही. इंग्लंडात अगदी सुरुवातीचे कालवे ज्यांनी काढले, त्यातले एक इंजिनिअर पीटरच्या खापरपणजोबांचेही पणजोबा. आम्ही सोयीसाठी 'आजोबा' म्हणतो. प्रत्येक मीटिंगची सुरुवात त्यांच्यापासून. आपल्याकडे गणपतीपासून होते, एवढाच फरक.

एकदा इथे चक्क पाऊस पडला. मी सलवार गुडघ्यापर्यंत खोचून साइटवर मॅनहोल शोधतेय, आणि हा फोनवर सांगतोय की आजोबांनी नुसती चिकणमाती तुडवून पाणी अडवलं असतं. म्हटलं, पाठव त्यांना.

त्याच्या केबिनमध्ये वंशवृक्ष टांगलाय. आजोबांच्या शेजारी नुसतं 'वाइफ'. बाईला नाव नव्हतं का, विचारलं. तर म्हणे, रेकॉर्ड मिळत नाही. आजोबांच्या घोड्याचं नाव मात्र लिहिलेलं होतं!

घरी आल्यावर पोळ्या लाटता लाटता मी यावर तावातावाने भाषण दिलं. लेकीनं मोबाइलमधून मान वर न करता विचारलं, "आई, व्हॉट वॉज युअर ग्रेट-ग्रँडमदर्स नेम?" नाशिकला माझ्या आईला फोन लावला. आई म्हणाली, "अगं, त्यांना सगळे मोठीआईच म्हणायचे." तव्यावरची पोळी करपली. ती मीच खाल्ली.

पण परवा मात्र डोकंच फिरलं. हमद पोर्टकडच्या एका रस्त्याचं प्रेझेंटेशन. सगळी ड्रॉइंग्ज माझी. यंदा टीम लीडची जागा भरायची होती, म्हणून नाव दिसायला हवं, हे पीटरला मी स्वतः सांगितलेलं. पहिल्या स्लाइडवर कोण, तर आजोबा. शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरात 'टीम'. मी खुर्चीत नुसती धुमसत होते.

क्लायंटकडचे वयस्कर कतारी इंजिनिअर आजोबांची अख्खी कहाणी शांतपणे ऐकत होते. "माशाल्ला," म्हणाले. मग एका ड्रॉइंगवर बोट ठेवलं. हे कोणी केलं?

"आमच्या टीमनं," पीटर म्हणाला.

"अच्छा. टीमच्या वडिलांचं नाव काय?"

पीटर माझ्याकडे बघायला लागला. सात वर्षं एकत्र काम करतोय आम्ही.

मी उठले. माझं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आणि पीटरच्या हातातला रिमोट घेतला.