भरलेली हवा

भंडाऱ्यात मोटारी मोजक्याच होत्या तेव्हाची गोष्ट. मामांच्या जुन्या मॉरिसला नवं टायर-ट्यूब बसवायला मी एस.टी. स्टँडजवळच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. सिहोऱ्याला लग्न होतं, आधीच उशीर झालेला.

त्याला घाई ठाऊकच नव्हती. टायरच्या आतून त्यानं उघडा तळहात फिरवला, खडा-काटा पाहिला. ट्यूबला पावडर चोळली. चाकावर टायर चढवून हातपंपानं घामाघूम होईस्तोवर हवा भरली आणि लगेच सगळी सोडून दिली!

"डोकं फिरलं का? काहून सोडली हवा?" मी ओरडलो.

"ट्यूब आत मुडपून रायते, भाऊ. एकडाव हवा सोडली का सरळ होते. नाही तं रस्त्यात फुटते."

"काही फुटत नाही!"

त्यानं पंप पुन्हा जोडला.

"एका गिऱ्हाइकालेबी अशीच घाई होती. मी हवा न सोडताच गाडी देल्ली. माहा लहाना भाऊ त्याच गाडीत बसून गावाले गेला."

"मंग?"

"पोचला नाही."

तो खाली मान घालून पंप मारत राहिला. चाक टणक झालं, त्यानं पंप काढला.

माझ्याच तोंडून निघालं, "अजून एकडाव सोडा."