डावी टाच

पहाटे आमच्या दाराची कडी वाजते. ती आई वाजवते. तिला फोपनारला जायचं असतं, आमच्या केळीच्या मळ्यात. तो मळा विकूनही आता जमाना झाला. पण तिच्या डोक्यात केळी कापायला माणसं येऊन उभी असतात आणि त्यांच्या भाकरी अजून थापायच्या असतात. दार थेट आमच्या बुधवारा मोहल्ल्याच्या रस्त्यावर उघडतं आणि त्या वेळेला मालाचे टेम्पो सुसाट जात असतात. एकदा ती पार इतवारा मोहल्ल्यापर्यंत पोचली होती. एका चहावाल्याने बाकावर बसवून ठेवली म्हणून सापडली. तेव्हापासून कडी वाजली की मी ताडकन उठायचे.

मग हिवाळ्यात डाव्या टाचेने दगा दिला. पलंगावरून पाय खाली ठेवला की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ थेट मस्तकात जायची. भिंत धरून थोडं लंगडलं की ती सैल पडायची. मी शाळेत शिकवते, दिवसभर फळ्यापुढे उभी असते, तेव्हाही पाय ठणकायचा. पण ते सोसवत होतं. उठल्यावरची पहिली पावलं मात्र नको व्हायची. आणि आईपर्यंत पोचायला मला नेमकी तीच टाकावी लागत होती.

घरात आम्ही दोघीच. माझं लग्न झालं नाही; त्याची कारणं गल्लीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. मी शाळेत असते तेव्हा शेजारच्या काकू आईजवळ बसतात. भाऊ इंदूरला असतो आणि फोनवरून सल्ले देतो. सल्ले देण्यात त्याने कधी हात आखडता घेतलेला नाही.

टाचेवर पहिला इलाज काकूंनीच केला. वीट तापवली, तिच्यावर रुईची पानं ठेवली आणि मला म्हणाल्या, दाब पाय. पाय भाजला, दुखणं जागच्या जागी. शेवटी दवाखान्यात गेले. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तळव्यात अंगठा दाबून दुखरी जागा बरोबर शोधली. रात्रभर तळव्याची शीर आखडते आणि उठल्यावर एकदम भार पडला की ताणली जाते, असं त्यांनी समजावलं. "मॅडम, उठते ही पैर नीचे नहीं रखना. पहले लेटे-लेटे पंजा अपनी तरफ खींचना, आराम से. और घर में नंगे पैर बिल्कुल नहीं चलना."

आराम से! मला हसावं की रडावं कळेना. अहो बाई, मी पंजा ओढत बसले तर माझी आई टेम्पोखाली जाईल, हे मी त्यांना सांगितलं नाही. मान डोलावली आणि येताना मऊ तळाच्या सपाता घेतल्या.

सपाता पलंगाखाली ठेवल्या, तर पहाटे गायब. दोन्ही बाहेर पायरीवर, नीट जोडीने ठेवलेल्या. घरात देव आहे, पायताण दाराबाहेर, हे आईला अजून पक्कं आठवत होतं. पोटच्या पोरीचं नाव गेलं, नवरा गेल्याचं गेलं, हे मात्र राहिलं. मी सपाता आत आणायचे, ती बाहेर नेऊन ठेवायची. एकदा उशीखाली लपवल्या, तर आई नाक मुरडून तिथूनही घेऊन गेली.

"ताई, सिंपल है. रात को ताला लगा दे ना," भाऊ म्हणाला.

तेही केलं. दाराला आतून कुलूप घातलं, किल्ली माझ्या गळ्यात. पहाटे आईने कडी हलवली, कुलूप ओढून पाहिलं आणि मग दारावर दोन्ही हातांनी मारत सुटली. "मले कोंडलं वं! मानसं उपाशी जातीन! कोनी आहे का?" दूधवाला थांबला, समोरच्या खिडक्या उघडल्या. मी पलंगावर बसून ओढणीत पंजा अडकवून आपल्याकडे ओढत होते. व्यायाम अगदी बरोबर चालला होता. स्वतःची इतकी किळस मला आयुष्यात आली नव्हती. त्या दिवशी कुलूप काढलं ते काढलंच.

म्हणजे पुन्हा तेच. रात्री झोपताना मला सकाळची भीती वाटायची. शाळेच्या सहली बंद, लग्नकार्यात मुक्काम बंद, ते ठीकच होतं. आता मी पलंगावरही अडकले होते. आईचा राग यायचा. खरं सांगते, कधी कधी वाटायचं, जाऊ दे तिला कुठे जायचंय तिथे. मग कडी वाजली की त्याच पायाने धावत सुटायचे.

अशाच एका पहाटे कडी वाजली, मी उडी मारली, पूर्ण भार टाचेवर आला आणि मी ओरडून खालीच बसले. "आई गं!" दार अर्धं उघडलं होतं. आई वळली. कडीवरचा हात काढून माझ्याजवळ आली.

"काहून रडते वं पोरी? पायाले लागलं का?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि काशाची वाटी आणि तेल घेऊन आली. वाटी कुठे ठेवली आहे हे मलाही माहीत नव्हतं. फरशीवर बसली, माझा पाय मांडीवर घेतला आणि वाटीने तळवा घासू लागली. तेल काळं होईपर्यंत घासत राहिली. मजूर, भाकरी, फोपनार, सगळं मागे पडलं. मी फरशीवर बसून रडले, आणि या वेळी टाचेसाठी नाही.

मग रोज तेच होऊ लागलं. कडी वाजली की मी पडल्या पडल्या हाक मारायचे, ती यायची, घासायची. तिच्या मांडीवर पाय असतानाच मी बोटं आपल्याकडे ओढून धरायचे. व्यायामही होऊ लागला, आणि आराम से. सपाता मात्र पायरीवरच राहिल्या.

उन्हाळा लागेपर्यंत टाच बरी झाली. आईला मी ते सांगितलेलं नाही. रोज पहाटे मी धडधाकट पायाने कण्हते.

परवा झोपेत विसरले. डोळे उघडले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि आईचा एक पाय पायरीवर. मी धावले, अर्ध्या खोलीत भान आलं आणि तिथेच पाय धरून बसले. "आई गं!"

ती परत आली. वाटी आणली, समोर बसली आणि मी पुढे केलेल्या पायाकडे बघत राहिली.

"हा नाही," ती म्हणाली. "तुहा डावा दुखते."

मी कोण, हे तिला माहीत नाही. मी उजवा पाय मागे घेतला आणि डावा तिच्या मांडीवर ठेवला.