लाइट गेली तेव्हा सर उजेडात होते

इथले अनुभव मी वाचते ते बहुतेक वेळा हसायला. रागावू नका, खरं तेच सांगते. आमच्या घरात बैठकीच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि बावीस प्रतिज्ञा. लिंबू-मिरची, अंगारा, उतारा असलं काही माझ्या आजोबांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, आणि मी तर विज्ञानाची शिक्षिका. कोणी भुताखेताचं बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. त्यामुळे हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. आजही लिहिताना लाजच वाटते आहे, पण भीती लाजेपेक्षा मोठी आहे... म्हणून लिहिते.

साल २००७, मार्च महिना. मी तेव्हा गोंदिया जिल्ह्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम करत होते. आमच्या चमूकडे एकच प्रोजेक्टर. गावोगावी तो न्यायचा, जोडायचा, चालवायचा हे काम माझं. ‘बाईला मशीन कुठं जमते’ असं म्हणणारे पुष्कळ भेटले, आणि त्यांच्यासमोर मी मुद्दाम एकटीनं सगळ्या वायरी जोडायचे. स्वभावच तसा आहे, काय करणार.

चमूत आम्ही तिघं. व्याख्यान द्यायला रामटेके सर. पन्नाशीचे, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, आवाज असा की माईक लागत नसे. मला धाकटी बहीण मानायचे. आणि जीप चालवायला उईके भाऊ, देवरीकडचे गोंड, कमी बोलणारे. वाहनचालक असले तरी एक्स्टेन्शन बोर्ड लावण्यापासून खिडक्यांना सतरंज्या बांधण्यापर्यंत सगळं तेच करायचे.

आमचा पडदा फाटला होता, म्हणून चित्र सरळ भिंतीवर पाडायचो. त्यासाठी आमची एक पद्धत ठरली होती. मी प्रोजेक्टर सुरू केला की सर भिंतीजवळ प्रकाशात उभे राहायचे आणि एक हात डोक्याच्या वर धरायचे. व्याख्यात्याच्या डोक्यानं अक्षरं झाकली जाऊ नयेत म्हणून चित्राची खालची कड त्या हाताच्या वर न्यायची. प्रोजेक्टरखाली वह्या सरकवत मी म्हणायचे, “सर, हलू नका.” सर म्हणायचे, “अवो, फाशी देऊन राहिल्या का फोटो काढून राहिल्या?”

त्या मंगळवारी आम्ही सौंदडच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथं अजून लेकरं शिकतात. लोडशेडिंगचे दिवस होते. लाइट अकराला जाणार हे मला माहीत होतं. पावणेअकरा झाले होते, तेवढ्यात विषयाची ओळख तरी करून घेऊ म्हणून मी घाई केली. सर हात वर करून उभे राहिले. मी म्हटलं, “हलू नका, तिथंच राहा,” आणि खाली वाकून प्रोजेक्टरचा पाया फिरवत होते तेवढ्यात लाइट गेली. पंधरा मिनिटं आधीच.

ज्यांनी प्रोजेक्टर वापरला आहे त्यांना कळेल. त्याचा दिवा भयंकर तापतो. बंद केल्यावरही आतला पंखा चालू ठेवून तो थंड होऊ द्यायचा असतो. लाइट गेली म्हणजे पंखाही गेला. दिवा उडाला तर नवा कोण देणार? मी हजेरीपट घेऊन वारा घालत बसले आणि लोडशेडिंगला शिव्या देत राहिले. सरांना ‘झालं, या आता’ असं म्हणायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. दोन-तीन मिनिटांनी उईके भाऊंनी सतरंजी सोडली तेव्हा दिसलं, सर अजून तसेच उभे. हात वर. मी म्हटलं, “सर, संपलं की.” तेव्हा ते हलले. पुढचं सत्र त्यांनी फळ्यावर घेतलं, पण आवाज नेहमीचा नव्हता. जीपमध्ये एकदाच बोलले, थंडी वाजते म्हणाले. मार्चमध्ये... आमच्याकडे.

गुरुवारी दवनीवाड्याला सत्र होतं. शिक्षक बाहेर चहा घेत होते. खोलीत मी, सर आणि उईके भाऊ. पहिली स्लाइड आली, ‘सर्वांचे हार्दिक स्वागत’. सर जाऊन उभे राहिले, हात वर केला. मी फोकस फिरवला आणि थांबले.

सरांच्या पांढऱ्या शर्टावर ‘हार्दिक’ हा शब्द पडला होता. आणि त्यांच्या मागे भिंतीवरही ‘हार्दिक’ होता. पूर्ण ओळ, कुठे तुटलेली नाही. माणूस मधे उभा आहे, त्याच्या अंगावर उजेड पडतो आहे, आणि मागे सावली नाही.

मी भिंगासमोर माझा हात धरला. हाताची सावली सरांच्या छातीवर पडली आणि तिथूनच आरपार भिंतीवरही पडली. मी हात काढला, पुन्हा धरला. तेच. सर म्हणाले, “झालं का?” मी म्हटलं, “झालं, बसा.” दुसरं काय म्हणणार होते?

ते खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. त्या दिवशी सत्र मी घेतलं. जेवणाच्या वेळी त्यांनी डबा उघडला, नुसता पाहिला आणि बंद केला. नावानं हाक मारली तर क्षणभर थांबून बघायचे, जशी हाक दुसऱ्या कोणाला असावी.

सामान जीपमध्ये ठेवताना उईके भाऊ हळूच म्हणाले, “ताई, तुमी पायलं ना?”

“काय?”

“सरची सावली नाही पडून राहिली.”

मी चिडले. म्हटलं, व्होल्टेजमुळे होतं असं काहीतरी. व्होल्टेजचा आणि सावलीचा काडीचा संबंध नाही, हे मीच सहावीला शिकवते.

“मंगळवारी लाइट गेली तवा सर उजेडात उभे होते,” भाऊ म्हणाले. “आमची आजी सांगे, माणूस दिव्यासमोर असला अन् दिवा इझला, तर त्याले नावानं हाक मारा लागते. मंग हलावं त्यानं. तुमी त्यायले हाक नाही मारली. सावली तिथंच रायली असन.”

“भाऊ, मला असलं सांगू नका.”

“नाही सांगत. पण तिच्यामांगं माणूस जाते, ताई. लय दिवस नाही लागत.”

शुक्रवारी वहिनींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला. सर उठत नव्हते. डॉक्टर येऊन गेले; बीपी ठीक, शुगर ठीक, ताप नाही, अशक्तपणा म्हणून सलाइन लावलं. मी भेटायला गेले. सरांनी माझ्याकडे पाहिलं, ओळख नव्हती. हात हातात घेतला तर मडक्यातल्या पाण्यासारखा गार. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि रडले. हलू नका असं मीच म्हटलं होतं. आणि दिव्याच्या काळजीत माणसाला विसरले होते.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी आणि उईके भाऊ त्या गावी गेलो. भर दुपारचे दोन. चावी शाळेसमोरच्या घरी होती. तिथल्या बाईनं चावी देताना एवढंच म्हटलं, “त्या खोलीत पोरं बसूनच नाही राहिले, मॅडम. गुरुजीनं वर्ग पडवीत आणला.”

मी कुलूप उघडलं. चारही खिडक्या उघडल्या. खोली उजेडानं भरली. आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर ती होती. माणसाएवढी, करडी, एक हात डोक्याच्या वर. ओल असेल, असं मी मोठ्यानं म्हटलं, स्वतःलाच ऐकू यावं म्हणून. जवळ जाऊन बोट लावलं. सगळी भिंत उन्हानं तापलेली, आणि तेवढा आकार गार. सरांच्या हातासारखाच. पळून जावंसं वाटलं, आणि पळाले असते तर सर गेले असते, हेही त्याच वेळी कळत होतं.

“मारा हाक,” भाऊ दारातून म्हणाले. “तुमीच. त्यायची माय नाही आता. मायच्या जागेवर बाई पायजे.”

मी म्हटलं, “रामटेके सर.” मग पूर्ण नाव घेतलं, सिद्धार्थ रामटेके. काही नाही. भाऊंनी मान हलवली. “हे शाळेतलं नाव झालं, ताई. मायनं ठेवलेलं पायजे.”

गावात रेंज फक्त हातपंपाजवळ. तिथं उभी राहून मी वहिनींना फोन लावला आणि सरांचं घरचं नाव विचारलं.

“कायले पायजे तुमाले ते?”

“वहिनी, सांगा. सरांसाठीच.”

“सासूबाई म्हणत... कचऱ्या. दोन लेकरं गेल्यावर हे झाले, नजर लागू नये म्हणून. ह्यायनं मोठं झाल्यावर दाखल्यावर बदलून घेतलं. मायले बी म्हणत, त्या नावानं बलावू नको. ह्यायले सांगू नोका बरं मी सांगतलं म्हणून.”

“नाही सांगणार,” म्हटलं आणि मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. ही अशी नावं आमच्या माणसांना कशी चिकटायची आणि ती पुसायला काय काय करावं लागलं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. माझ्या आजोबांचंही एक तसलं नाव होतं, ते आम्ही घरात कधी उच्चारत नाही. ज्या माणसानं नाव बदलून आयुष्यभर मान वर ठेवली, त्याला मी रिकाम्या शाळेत उभी राहून कचऱ्या म्हणायचं. आणि तेही कशासाठी, तर ज्यावर माझा विश्वासच नाही त्यासाठी.

पण गेले. भिंतीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, “कचऱ्या, घरी चल.” दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. तिसऱ्यांदा ओरडलेच, रडत. भिंतीवरचा आकार जसाच्या तसा होता. भाऊ जीप सुरू करायला निघून गेले होते. मी पाठ फिरवली, ओढणीनं तोंड पुसलं, खिडक्या लावायला वळले. शेवटची खिडकी लावताना भिंतीकडे नजर गेली तर भिंत पांढरी. कोरी. हात लावला, तर ऊन-ऊन. मी कुलूपही नीट लावलं नाही, धावत सुटले.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. सर उठले होते, भात मागत होते.

पंधरा दिवसांनी ते कामावर आले. पुन्हा प्रकाशात उभं राहायची वेळ आली तेव्हा मी घामानं ओली झाले होते. सावली पडली, व्यवस्थित, पोटाच्या घेरासकट. मी काही बोलले नाही. वहिनींना शब्द दिला होता.

मी बरेच खुलासे करून पाहिले आहेत. विषाणूचा ताप असेल. भिंतीला ओल असेल, दार-खिडक्या उघडून वाळली असेल. दवनीवाड्याला माझे डोळे थकले असतील आणि उईके भाऊंनी माझं ऐकून हो म्हटलं असेल. पण आधी ते बोलले होते, मी नाही. तरी हे सगळं मी कसंबसं बसवते. सरांनी निवृत्तीच्या दिवशी जे सांगितलं ते मात्र कुठंच बसत नाही.

सगळे गेल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, “मॅडम, त्या आजारपणात मी कुठं तरी अंधारात उभा होतो. हात वर करून. खाली करता येत नव्हता. एका बाईनं मले माझ्या लहानपणीच्या नावानं हाक मारली. तीनदा. आवाज ओळखीचा होता, पण मी गेलो नाही. त्या नावाचा मले राग हाये ना.”

मी खाली मान घालून बसले होते. विचारलं, “मग?”

“मंग चौथ्यांदा मायनं मारली. मायले कसं नाही म्हणावं? आलो.”

मी तीनच हाका मारल्या होत्या. भाऊंची जीप तेव्हा सुरू झाली होती. आणि त्या खोलीत, माझ्या पाठीमागे, मला काहीच ऐकू आलं नव्हतं.