उचललेली जीप

उमरग्यातल्या गॅरेजात माझ्या स्कूटीचा ब्रेक दुरुस्त होत होता, तेव्हा एक जीपवाला आला. मोठी चाकं आणि खाली ठोकळे घालून त्यानं जीप एवढी उचलली होती, की उतरताना त्यानं आधी टोपी सावरली, मग उडी मारली.

"स्टेअरिंग लई ढिलं लागतंय. उद्या पुतण्याची वरात हाय."

मिस्त्री जीपखाली शिरला आणि त्यानं जीपवाल्याला स्टेअरिंग डावीउजवीकडं हलवायला लावलं. खालून आवाज आला, "मालक, जीप उचलली, पण चाकं वळवणारा दांडा जुनाच ठिवला. तिरका होऊन त्याचे सांधे ढिले पडायलेत. जीप खाली घ्या, न्हायतर नवरदेव ज्वारीत जाईल."

"खाली?" त्यानं मिशीवरून हात फिरवला. "मग उचलली कशाला? गावानं मान वर करून बघावं म्हणूनच की!"

दुसऱ्या दिवशी वरात दिसली. जीप दोरानं ट्रॅक्टरला बांधलेली, चाल बैलगाडीची. मागं नवरदेव आणि पुढं तो, ताठ बसून बंद जीप मन लावून चालवत होता. लोक खरोखरच मान वर करून बघत होते.

मला हसू आलं, ते घरी पोचेपर्यंत टिकलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. माझा पदवीचा फोटो आईनं इतक्या उंच खिळ्यावर लावलाय, की त्यातला चेहरा कुणालाच नीट दिसत नाही.